बघायचा वाफा

कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती पालथी करायची, ही बापूंची खोड. घड्याळ असो, टॉर्च असो, नाहीतर कुणाच्या लग्नात आहेर आलेला टेबलफॅन असो. पालथी करून तिच्या बुडावर नखानं टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "तिकडं किती करतात, कळंना." माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी बशीसुद्धा उलटी करून पाहिली. माझ्या आईला वाटलं, बशी नीट विसळली नव्हती म्हणून पाहुणा नाराज झाला. पुढं कित्येक वर्षं बापू येणार म्हटलं की ती बश्या दोनदा घासायची.

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला बरेच महिने लागले. "तिकडं" म्हणजे जपान, जर्मनी, हॉलंड, अमेरिका; थोडक्यात, जिथून रेडिओ येतात ते सगळं जग. "किती करतात" म्हणजे तिथले कारखानदार स्वतःच्या खिशातून संशोधनावर किती खर्च करतात. आणि "कळंना" म्हणजे कळंना. ते मलाही अजून कळलेलं नाही. कळलं म्हणून मी हे लिहायला बसलो आहे, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये.

कुपवाडला, सांगलीच्या नव्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या छपराखाली आमचा कारखाना होता. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. बारा-पंधरा माणसं, चार लांब टेबलं आणि तारा गुंडाळायचं एक यंत्र. आम्ही एलिमिनेटर बनवायचो. ज्यांच्या घरी वीज आली आहे त्यांनी रेडिओला सेल घालायची गरज नाही, हा डबा भिंतीत खोचायचा आणि रेडिओ ऐकायचा. डबा बरा खपायचा. मी तिथं हिशेब लिहायला होतो. बी.कॉम. झालो होतो, आणि जगातला प्रत्येक खर्च कुठल्या ना कुठल्या सदरात बसतोच, अशी माझी पक्की समजूत होती. बापूंनी ती मोडली.

कारखान्यातले पैसे बापूंच्या थोरल्या भावाचे. त्यांना सगळे दादा म्हणत. वाळव्याकडं नदीकाठी त्यांचा ऊस होता. बापू फौजेत वायरलेसवर होते, नाईक म्हणून सुटले. सुटून आल्यावर दादांनी विचारलं, "आता काय करनार?" बापू म्हणाले, "बघूया की." या दोन शब्दांवर दादांनी उसाचे पैसे घातले, याचं मला आजही नवल वाटतं. मला कुणी "बघूया की" म्हणालं तर मी त्याला चहासुद्धा पाजणार नाही.

फौजेत असताना कुणा साहेबानं बापूंना सांगितलं होतं म्हणे, की हे बाहेरचे देश वस्तू बनवायला जेवढा जीव टाकतात तेवढाच ती शोधायलाही टाकतात. झालं. ते वाक्य बापूंच्या डोक्यात जे शिरलं ते बाहेर आलंच नाही. आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिच्यावर त्यांनी खडूनं लिहिलं, "संशोधन". पावसाच्या ओलीनं अक्षरं पुसली की पुन्हा लिहायचे. त्या खोलीत काय चालतं असं विचारलं की म्हणायचे, "वाफा हाय त्यो."

वाफ्याचं आधी सांगायला हवं. दादांच्या रानात विहिरीजवळ एक लहानसा वाफा असायचा. कुणी नवं बेणं आणलं, कुठं कुणाच्या शेतात वेगळा ऊस दिसला, की दादा त्याची कांडी आणून त्या वाफ्यात लावायचे. त्याला घरात सगळे बघायचा वाफा म्हणत. त्यांच्याकडं रीतच होती, की त्या वाफ्यातला ऊस साखर कारखान्याला घालायचा नाही आणि तोलायचा नाही. वाटंवरून जाणारा, रानात राबणारी बाया-माणसं, माहेरी आलेल्या लेकी, ज्यानं मागितला त्यानं खावा आणि कसा लागला ते सांगून पुढं जावं. "बघायला लावल्यालं तोललं की ते बघायचं ऱ्हात न्हाई, इकायचं हुतं," असं दादा म्हणायचे. उसाच्या बाबतीत एवढे शहाणे असलेले दादा खोलीच्या बाबतीत मात्र कपाळाला आठ्या घालून बसायचे.

आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्या खोलीत पैसा जाताना दिसायचा, येताना कधी नाही. बापू मिरजेच्या बाजारातून जपानी रेडिओ विकत आणायचे आणि त्याच दिवशी खोलायचे. मी विचारायचो, "बापू, हा कुठल्या सदरात घालू? दुरुस्ती?"

"दुरुस्ती कशी हुईल? चालूच हुता की."

"मग मालखरेदी?"

"इकायचा न्हाई."

"मग काय लिहू?"

"लिवा, बघितला."

असं सदर जगातल्या कुठल्याही वहीत नाही. मी सगळं "किरकोळ" मध्ये टाकत गेलो, आणि वर्षअखेरीला आमचा किरकोळ खर्च इतका जाडजूड झाला की मुख्य खर्च त्याच्यापुढं किरकोळ दिसायला लागला.

कुठला देश शोधावर जास्त खर्च करतो हे ठरवायची बापूंची स्वतःची पद्धत होती. आकडे मिळायची सोय नव्हती, म्हणून ते रेडिओची पोटं बघायचे. सुट्टीवर आलेले फौजी, बोटीवर नोकरी करणारे कुणी, यांच्याकडून आलेले परदेशी रेडिओ खोलून टेबलावर ओळीनं मांडायचे आणि सगळ्या कामगारांना बोलवायचे. "हे जपानचं बघा. कसं गिचमिड हाय. आन् हे जर्मनचं. ऐसपैस. आता सांगा, जास्ती खर्च कुनी केला?"

कारखान्यात लगेच दोन पक्ष पडायचे. गिचमिड पक्षाचं म्हणणं, एवढ्याशा जागेत एवढं बसवायचं तर डोकं किती लागलं असेल! ऐसपैस पक्षाचा पुढारी आमचा चहावाला. तो म्हणायचा, "जागा सोडायलाबी अक्कल लागती. दोन सऱ्यांत आंतर सोडता का न्हाई उसाला?" मग ऊस, सऱ्या, पाणी असं करत चर्चा पार कृष्णेत जाऊन पोचायची. शेवटी सगळे बापूंकडं बघायचे. बापू दोन्ही रेडिओ पालथे करायचे, टकटक करायचे आणि म्हणायचे, "बघूया की." त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढून मी हे सांगू शकत नाही की त्यांना त्यातलं सगळं कळत होतं, थोडं कळत होतं, की काहीच कळत नव्हतं. कधी वाटायचं, हा माणूस फार पुढचा आहे. कधी वाटायचं, हा आपल्यासारखाच आहे, फक्त लाजत नाही.

पण एक गोष्ट त्यांना नक्की ठाऊक होती. ते कशासाठी बघताहेत, ते.

बापूंना एक धाकटी बहीण होती. ते तिला तायडी म्हणत. ती दिली होती मेढ्याच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर. नवरा फौजेत. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली तेव्हा तो सीमेवर होता. वाडीत वीज नव्हती, रेडिओ एकच, तो तिच्या घरी. बातम्यांच्या वेळी सारी वाडी अंगणात जमायची आणि रेडिओ नुसता शिट्ट्या मारायचा. चहूकडून डोंगर, आकाशवाणीचं स्टेशन दूर, त्यात सेल उतरलेले. मधूनच एखादा शब्द यायचा, "शत्रूच्या", "आपल्या", "ठार", आणि पुन्हा शिट्टी. कोण ठार, ते कळायचं नाही. लढाई संपून पत्र येईपर्यंत त्या बाईनं तेवढ्या तीन शब्दांवर दिवस काढले. नवरा सुखरूप आला. पण तो यायच्या आधी बापू तिला भेटायला गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "तू येवढा वायरलेसमधला, आन् मला येक बोलनारा रेडू दीना व्हय रं?"

बापूंनी हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर समोरचा एलिमिनेटर उगीचच पालथा केला.

तेव्हापासून खोलीत तेच चाललं होतं. डोंगराच्या कुशीत, उतरलेल्या सेलवर, सांगलीचं स्टेशन स्वच्छ ऐकवील असा रेडिओ. म्हणजे बघा, आमचा धंदा वीज असलेल्या घरांवर चालायचा आणि त्यातला पैसा वीज नसलेल्या एका घरासाठी जायचा. हे मी दादांना कधी बोललो नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असंही नाही.

दरवर्षी भाऊबीजेला बापू नवा सेट घेऊन मेढ्याला जायचे. तायडी त्यांना ओवाळायची आणि ते ताटात रेडिओ ठेवायचे. मग तो चालू करायचा, आणि बापू विचारायचे, "बोलतोय का?" तायडी म्हणायची, "बोलतोय की!" एका वर्षी सेट दोन होते म्हणून धरायला मला बरोबर नेलं. एस.टी.नं कराड, सातारा, मेढा, आणि पुढं चढ. अंगणात बसून तायडीनं ओवाळलं, रेडिओ लावला. मी कान देऊन ऐकलं. शिट्टी, खरखर, कुणीतरी कानडीत गातंय, त्याच्यावर परक्या भाषेत दुसरं कुणी बोलतंय. तायडीचा चेहरा मात्र असा फुललेला, की कीर्तनच ऐकते आहे. "बोलतोय की! लय झ्याक बोलतोय!"

परतीच्या गाडीत बापूंनीच विषय काढला. "हिशेबनीस, तुमी काय ऐकलं?"

"शिट्टी."

"हां. मीबी."

"मग त्या असं का म्हणाल्या?"

बापू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाऊबीजंच्या ओवाळणीला बहीन नावं ठिवती व्हय? आमच्यात चालत न्हाई ते."

"मग दुसऱ्या कुठल्या दिवशी विचारा की!"

"दुसऱ्या दिवशीबी ती ओवाळणीच ऱ्हाती न्हवं?"

जगात कुठल्या देशात संशोधनाचा निकाल भाऊबीजेच्या ताटावरून घेत असतील, असं मला वाटत नाही. पण बापूंना दुसरी जागाही नव्हती आणि दुसरी बहीणही.

दादांचा संयम सुटला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. एलिमिनेटरची मागणी वाढली होती, तारा गुंडाळायला आणखी एक यंत्र हवं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. दादा धोतराचा सोगा सावरत सगळ्या कारखान्यात फिरले आणि खोलीच्या दारात उभे राहिले. "बापू, ही खोली मोकळी कर. लय बघून झालं."

त्याच सुमाराला पुण्याहून एक साहेब येणार असल्याचं कळलं होतं. कुठल्याशा सरकारी कामावर होते. निरनिराळ्या देशांतले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखानदार संशोधनावर किती खर्च करतात, त्या मानानं आपले किती करतात, हे ताडून बघायचं त्यांचं काम. त्यासाठी लहानमोठ्या कारखान्यांतून हिंडत होते. मी बापूंना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्याची बशी पालथी केली होती, त्याचं उत्तर जीपमध्ये बसून कुपवाडला येत होतं.

बापूंनी दादांना सांगितलं, "दादा, साहेब येतील, त्यास्नी इचारू. तिकडंबी कारखानदार येवढं करत असतील तर खोली ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मीच मोकळी करून दीन."

दादा म्हणाले, "साहेब म्हणंल तसं."

असं ठरलं. खोलीचं काय होणार, ते एका परक्या माणसाच्या तोंडावर ठेवलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण मला विचारतंय कोण?

साहेब आले. तरुण, चष्मेवाले, बोलायला गोड. दादा वाळव्याहून पहाटेच्या गाडीनं आले होते, नवा फेटा बांधून. आम्ही चौघं खोलीत बसलो. साहेबांनी आधी समजावून दिलं, की संशोधन म्हणजे ज्यातून नवी माहिती हाती येते ते. नुसती दुरुस्ती नाही, नुसती नक्कल नाही. बापू मान डोलवत होते. मग साहेबांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी "किरकोळ" मधून एकेक बाहेर काढायला लागलो.

परदेशी रेडिओ विकत घेऊन खोलले. साहेब म्हणाले, "ही नक्कल करण्यासाठी पाहणी झाली. धरता येणार नाही." ट्रान्सफॉर्मर जळले. "ते उत्पादनातलं नुकसान." कामगारांना रेडिओची पोटं दाखवली, तेवढा वेळ काम बंद. साहेब जरा थांबले, मग म्हणाले, "प्रशिक्षण." प्रत्येक वेळी बापूंची मान थोडी खाली जात होती. मला साहेबांचा राग येत होता, आणि ते चूक काही बोलत नव्हते म्हणून जास्तच येत होता.

"हे मेढ्याचं एस.टी. भाडं कशाचं?" साहेबांनी विचारलं.

"भाऊबीजंचं," बापू म्हणाले.

साहेब हसले. "मग हे खासगी झालं."

दादा एकदम उखडले. "खासगी कसं? आवं, तितं डोंगरात नेऊन लावायचा, मगच कळतंय बोलतोय का न्हाई!"

साहेबांना हे पटलं. ते सरसावून बसले. "असं होय! म्हणजे ही चाचणी. छान. मग निकाल काय येतो?"

दादाच म्हणाले, "बोलतोय म्हंती आमची भैन."

"दरवर्षी?"

"दरसाल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग पहिल्याच वर्षी तुमचं संशोधन पूर्ण झालं की! पुढं खर्च कशाला करताय?"

मला त्या क्षणी बापूंच्या तोंडाकडं बघवेना. रेडिओ बोलतो म्हणावं, तर खोली आत्ताच्या आत्ता संपली. बोलत नाही म्हणावं, तर सख्ख्या बहिणीला थोरल्या भावासमोर आणि परक्या माणसासमोर खोटं पाडल्यासारखं. बापूंच्या हातात रिकामी कपबशी होती. त्यांनी बशी पालथी केली. टकटक केली नाही. नुसती धरून बसले.

दादा बापूंकडं बघत होते. त्या बशीकडं बघत होते. तायडी दादांचीही बहीण होती. दादाही दरवर्षी तिला वाफ्यातला ऊस पाठवायचे, आणि दरवर्षी निरोप यायचा की लय ग्वाड हाय. त्यांना काय उमगलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण फेटा नीट करत ते उठले आणि म्हणाले, "साहेब, ह्यो आमचा बघायचा वाफा हाय. वाफ्यातलं आमी तोलत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्याचा हिशेब न्हाई. तुमास्नी काय लिवायचं ते लिवा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी दादांकडं पाहिलं आणि वही मिटली. साहेबांनी कागदावर शून्य घातलं. आपल्या देशाचं संशोधन किती, याची बेरीज पुढं कुणी कुठं केली असेल, तर तिच्यात कुपवाडच्या त्या खोलीचं एक शून्य आहे. ते बरोबर आहे की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

साहेब जीपमध्ये बसता बसता बापू धावत गेले. "साहेब, येक ऱ्हायलंच. तिकडं किती करतात?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "खरं सांगू का? तेच तर जुळत नाही. एक देश माणसांचे पगार धरतो, दुसरा धरत नाही. एक रेडिओ आणि तारायंत्र एकाच गठ्ठ्यात घालतो, दुसरा वेगळं. सरकारनं दिलेला पैसा कुणी कारखानदाराचा म्हणून दाखवतं. कोण जास्त करतं, हे ताडून बघायचं म्हटलं की डोकं फिरतं."

"म्हंजे तुमास्नीबी कळंना?"

"नाही हो."

जीप गेली. मला वाटलं, बापू आता खचतील. पण ते हसत परत आले. दिवसभर हसत होते, कुणी भेटलं की सांगत होते, "आवो, साहेबास्नीबी कळंना!" याच्यात आनंद कसला, हे मला काही केल्या समजेना. एकटं अडलेल्या माणसाला वाटेत दुसरा अडलेला भेटला की बरं वाटतं, तसं काही असेल. संध्याकाळी दादा गावी निघाले. एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवून ते बापूंना एवढंच म्हणाले, "यंत्र भायेर पत्रा टाकून ठिवू."

खोली राहिली. आणखी तीन-चार वर्षं राहिली. बापूंनी दरवर्षी भाऊबीजेला नवा सेट नेला आणि दरवर्षी तो झ्याक बोलला. मी पुन्हा कधी बरोबर गेलो नाही.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता बापू आजारी पडले. छातीचं दुखणं. सांगलीच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो, तर त्यांनी डॉक्टरांची कानाला लावायची नळी मागून घेतली होती आणि तिची चकती उलटी करून बघत होते. मला म्हणाले, "हिशेबनीस, नवरात्रापतूर हुतंय बघा. ह्या डावाला शिट्टी कमी हाय." मला वाटलं छातीबद्दल बोलताहेत. ते सेटबद्दल बोलत होते. नवरात्र त्यांनी पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि आजही एखादी बशी पालथी दिसली की वाटतं.

दिवस झाल्यावर दादा कुपवाडला आले. आता यंत्र आत घ्यायला खोली मोकळी करायची होती, त्यात काही वाद नव्हता. मेढ्याला नेलेले सोडून बापूंनी केलेले बाकी सगळे सेट आत फळीवर होते, काही बिनझाकणाचे, काही निम्मे. दोन सारखे नव्हते. मीच भंगारवाल्याला निरोप धाडला होता. तो आला, दारात बसला आणि त्यानं काटा बाहेर काढला. दादांनी काट्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "त्यो आत ठेव. हितलं तोलत न्हाईत."

भंगारवाला गोंधळला. मीही. दादांनी सगळ्या कामगारांना हाक मारली. ज्याला जो हवा तो त्यानं उचलावा, म्हणाले. चहावाल्यानं ऐसपैस पोटाचा घेतला. गिचमिड पक्षाच्या लोकांनी गिचमिड घेतले. त्या दिवशी सुट्टीच्या वेळी कुपवाडच्या रस्त्यानं सायकलींच्या कॅरिअरला उघडेवागडे रेडिओ बांधून माणसं घरी चालली होती. दोन-चार जणांनी चालूही केले होते. फाटकात उभे राहून दादा बघत होते. प्रत्येकाला विचारत होते, "बोलतोय का रं?" सांगली जवळच, तेव्हा तिथं लावलेले सगळेच बोलत होते.

शेवटचा सेट, ज्यात शिट्टी कमी होती तो, दादांनी स्वतःच्या पिशवीत घातला. मला म्हणाले, "चला माझ्यासंगं. मला लावता येत न्हाई."

भाऊबीज होती, पण त्या वर्षी त्यांच्या घरात सण धरायचा नव्हता. वाडीवर पोचलो तेव्हा तायडी अंगणात बसली होती. ताट नव्हतं, निरांजन नव्हतं. दादांनी रेडिओ पिशवीतून काढला आणि तसाच तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. मी सेल घातले, बटण फिरवलं. खरखर आली. तिच्या आतून, खूप लांबून, कुणा बाईचा मराठी आवाज आल्यासारखा झाला आणि पुन्हा शिट्टी. मी सुई हळूहळू फिरवत राहिलो. आवाज आला, गेला. नेहमीपेक्षा बरा होता असं मला वाटलं, पण माझ्या वाटण्यावर मी विश्वास ठेवायला तयार नव्हतो.

दादांनी विचारलं, "बोलतोय का गं?"

तायडी मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "औंदा ही ओवाळणी न्हवं, दादा. म्हून सांगते. न्हाई बोलत." आणि रडायला लागली. "कवाच न्हाई बोलला. म्या बापूला कवा सांगितलं न्हाई."

"त्येला ठावं हुतं," दादा म्हणाले.

"ठावं हुतं? मग दरसाल इचारायचा कशाला?"

डोंगरावरून ऊन उतरत होतं आणि रेडिओ आपला शिट्टी वाजवत होता. दादा खाली वाकले, दोन्ही हातांनी त्यांनी तो उचलला आणि पालथा केला. जाड नखानं त्याच्या बुडावर टकटक केली. मान तिरकी करून ऐकलं.

"हिशेबनीस," ते म्हणाले, "खोलीत अजून यंत्र बसवलं न्हाई न्हवं?"